गाडी ‘लोअर’ केली की हँडलिंग खरंच सुधारतं का? उपनगरातल्या रस्त्यांवरचा हिशोब

अंधेरीच्या न्यू लिंक रोडवर नाहीतर मुलुंडच्या एलबीएस मार्गावर रविवारी सकाळी दहा मिनिटं उभे राहा. चाक आणि मडगार्डच्या कडेमध्ये बोटही शिरणार नाही अशी एखादी स्विफ्ट, पोलो किंवा जुनी होंडा सिटी हमखास दिसेल. पुढे स्पीडब्रेकर आला की ती तिरकी होते, एकेक चाक जपून चढवते आणि मागे रिक्षावाल्यांचे हॉर्न सुरू होतात.

हा शौक जुनाच आहे. पण गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी विचारलाय: “रस्ते आता बरे झालेत, मग गाडी चाळीस एमएम खाली घेऊ का? हँडलिंग सुधारतं म्हणतात.”

प्रश्न आत्ताच का यावा, हे समजण्यासारखं आहे. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला, तिथे कारला ताशी १०० किमीची मुभा आहे. त्याच वर्षी मार्चपासून कोस्टल रोड टप्प्याटप्प्याने उघडला, त्याच्या सरळ भागात ८० चालतं. महापालिकेने शहर आणि उपनगरं मिळून सुमारे ७०० किमी रस्त्यांचं काँक्रिटीकरण हाती घेतलंय. बोरिवलीत राहणाऱ्या माणसालाही आता गाडी जरा मोकळी सोडता येईल अशा जागा दिसायला लागल्यात. आणि सोशल मीडियावरच्या रील्समध्ये दिसणारी गाडी कधीच उंच नसते.

गंमत म्हणजे बाजार नेमका उलट्या दिशेने चाललाय. लोक उंच गाड्या मागतायत आणि कंपन्या सेडानसुद्धा उंच करतायत. स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या दोन्ही सेडानचा ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिमी आहे. तेव्हा खाली जाणारे नेमकं काय कमावतात आणि काय गमावतात, ते कागदावर मांडून बघू. गणित शाळेतलंच आहे, घाबरू नका.

फायदा आहे, पण किती?

वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, हे आपण सगळेच अनुभवतो. कलण्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही: आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर सरकतं. टायरची एक खोड आहे. त्याच्यावरचं वजन दुप्पट केलं तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून चारही चाकांवर वजन जितकं समान, तितकी गाडीची एकूण पकड जास्त. किती वजन सरकणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वळण किती जोरात घेतलं, गुरुत्वमध्य जमिनीपासून किती वर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर किती.

आता एक साधारण छोटी हॅचबॅक घेऊ. ड्रायव्हरसकट वजन १००० किलो, गुरुत्वमध्य ५४ सेंमी उंचीवर, चाकांमधलं अंतर १४८ सेंमी. वळण ०.६ जीचं, म्हणजे चांगलंच जोरात, शेजारच्या सीटवरची आई “अरे हळू!” म्हणेल इतकं. या वळणावर साधारण २१९ किलो वजन आतून बाहेर सरकतं. गाडी ४० मिमी खाली घेतली आणि गुरुत्वमध्यही पूर्ण ४० मिमी खाली आला असं उदारपणे धरलं, तर हा आकडा २०३ किलो होतो.

फरक सोळा किलो. मागच्या सीटवर बसलेल्या चार-पाच वर्षांच्या मुलाइतका. (खरं तर थोडा कमीच, कारण चाकं, ब्रेक, हब हे खाली येत नाहीत, फक्त बॉडी येते.) ट्रॅकवर, जिथे सेकंदाच्या दहाव्या भागासाठी लोक रात्र जागवतात, तिथे याला किंमत आहे. जेव्हीएलआरवर पवईच्या वळणाला तो तुम्हाला जाणवेल, असं मला वाटत नाही.

“पण मला तर फरक स्पष्ट जाणवला,” असं लोअर केलेला प्रत्येक जण सांगतो. तो खोटं बोलत नाही. गाडी खाली घेताना त्याने सहसा कडक स्प्रिंग टाकलेले असतात, सोबत मोठे अलॉय आणि रुंद, कमी उंचीचे नवे टायर टाकलेले असतात आणि त्याच दिवशी व्हील अलाइनमेंटही झालेली असते. स्टिअरिंग फिरवताच गाडी चटकन तोंड वळवते ते मुख्यतः त्यामुळे. श्रेय मात्र उंचीला मिळतं.

जे दिसत नाही ते: रोल सेंटर

इथे खरी गोम आहे, त्यामुळे जरा सावकाश जाऊ.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. म्हणजे वर शॉकअप आणि स्प्रिंगचा एक उभा खांब, आणि खाली चाकाला धरून ठेवणारा आडवा लोअर आर्म. कंपनीने गाडी बनवली तेव्हा हा आर्म जवळजवळ आडवा असतो, किंवा चाकाकडे किंचित उतरता. गाडी वळणावर कलते ती हवेतल्या एका काल्पनिक बिंदूभोवती. त्याला रोल सेंटर म्हणतात आणि त्याची जागा या आर्मच्या उतारावर ठरते.

गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यातलं उभं अंतर म्हणजे पान्याचा दांडा समजा. दांडा जितका लांब, तितकी गाडीला कलवणारी ताकद जास्त.

आता बॉडी ४० मिमी खाली आली की काय होतं? चाक आहे तिथेच राहतं, पण लोअर आर्मचं आतलं टोक बॉडीबरोबर खाली येतं. जो आर्म चाकाकडे उतरता होता तो आता चाकाकडे चढता होतो. आणि रोल सेंटर नुसता ४० मिमी खाली येत नाही, धाडकन कोसळतो. मी छोट्या हॅचबॅकची अंदाजे मापं घेऊन पुढच्या एक्सलची आकृती मांडली, तेव्हा रोल सेंटर जमिनीपासून साधारण ९ सेंमी वर होता तो जमिनीच्याही सेंटिमीटरभर खाली गेला. म्हणजे गुरुत्वमध्य ४ सेंमी उतरला, रोल सेंटर १० सेंमी. दांडा ४५ सेंमीचा होता तो ५१ सेंमीचा झाला.

थोडक्यात, गाडी खाली घेतल्यावर तिला कलवणारी ताकद कमी होण्याऐवजी सुमारे १३ टक्क्यांनी वाढली! प्रत्येक मॉडेलची मापं वेगळी, त्यामुळे आकडा वर-खाली होईल, पण दिशा हीच राहते. म्हणून तर लोअरिंग स्प्रिंग नेहमी मूळपेक्षा कडक असतात. त्या कडकपणातला बराचसा भाग आधीचीच स्थिती टिकवण्यात खर्च होतो.

आता आपल्याकडचा लाडका जुगाड घ्या: स्प्रिंग कापणे. स्प्रिंगच्या सहा फेऱ्या काम करत असतील आणि त्यातली एक ग्राइंडरने उडवली, तर उरलेली स्प्रिंग सहा भागिले पाच, म्हणजे २० टक्के कडक होते. कलवणारी ताकद १३ टक्के वाढली आणि स्प्रिंग २० टक्के कडक झाली. निव्वळ फायदा सहाएक टक्क्यांचा. त्यासाठी तुम्ही काय मोजलंत? सस्पेन्शनला खाली-वर व्हायला असलेल्या जागेतले चार सेंटिमीटर.

शिवाय कापलेल्या स्प्रिंगचं टोक कपात नीट बसत नाही. चाक खड्ड्यात उतरून लोंबकळलं की स्प्रिंग सैल पडते आणि पुन्हा दबताना भलतीकडे बसू शकते. गॅसने कापली असेल तर तापलेल्या भागातलं पोलाद आपला ताठा गमावतं, ते वेगळंच. शॉकअप मात्र जुनाच. तो मूळ स्प्रिंगची उसळी आवरण्यासाठी बनलेला, आता त्याला जास्त कडक स्प्रिंग आवरायची आहे, तीही कमी जागेत. म्हणून अशी गाडी खराब रस्त्यावर एका धक्क्यातून सावरायच्या आत दुसऱ्या धक्क्यात जाते. बाहेरून बघणाऱ्याला ती ‘उड्या मारताना’ दिसते.

बंप स्टॉप नावाचा छोटा रबर

प्रत्येक शॉकअपच्या दांड्यावर रबराचा किंवा फोमचा एक तुकडा असतो. सस्पेन्शन पूर्ण दबलं की लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून तो तिथे आहे. गाडी स्टॉक असताना तिथपर्यंत पोहोचायला समजा ९ सेंमी जागा आहे. ४० मिमी लोअर केली, उरले ५. गणपतीला चार माणसं आणि डिकीत सामान घेऊन गावी निघालात, गाडी आणखी तीनेक सेंमी बसली. उरले २.

जोरात वळताना बाहेरचं पुढचं चाक तीन सेंमी तरी दबतंच. म्हणजे वळणाच्या मधोमध ते रबरावर टेकणार. त्या क्षणी स्प्रिंगची कडकाई एकदम कित्येक पटींनी वाढते. पुढचं चाक आधी टेकलं तर पुढच्या बाहेरच्या टायरवर अचानक जास्तीचं वजन येतं, त्याची पकड सुटते आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ जायला बघते. मागची सीट आणि डिकी भरलेली असल्याने मागचं चाक आधी टेकलं तर गाडीचा पार्श्वभाग बाहेर फेकला जातो. पहिलं भीतीदायक, दुसरं जास्त भीतीदायक. आणि त्याच वळणावर उड्डाणपुलाचा एक्स्पान्शन जॉइंट आला, पावसाने रस्ता ओला असला, तर सावरायला वेळच नाही.

हँडलिंग म्हणजे नुसती पकड नव्हे, गाडीचं वागणं आधीच कळणं. स्टॉक गाडी हळूहळू कलते, टायर ओरडतात, स्टिअरिंग हलकं पडतं. ती आपल्याला आधी बोलून दाखवते. निष्काळजीपणे खाली घेतलेली गाडी शेवटपर्यंत “सगळं ठीक आहे” म्हणते आणि मग एकदम सोडून देते. माझ्या मते या सगळ्या प्रकारातला सगळ्यात मोठा धोका हाच, आणि गॅरेजमध्ये याबद्दल बोललं जातं सगळ्यात कमी.

दोन लहान गोष्टी पटकन सांगतो. स्टिअरिंगचा टाय रॉड आणि लोअर आर्म हे दोघंही चाक वर-खाली होताना आपापल्या वर्तुळात फिरतात. कंपनीने ती वर्तुळं मूळ उंचीला जुळवलेली असतात. उंची बदलली की मेळ बिघडतो आणि खड्ड्यात चाक वर गेलं की ते स्वतःहून थोडं वळतं. स्टिअरिंग तुम्ही हलवलेलं नसतानाही गाडी इकडे-तिकडे ओढते. याला बंप स्टिअर म्हणतात. दुसरं, टायर आतल्या कडेने झिजायला लागतात. बाहेरून नक्षी शाबूत दिसते, आतून तार निघालेली असते. चाक पूर्ण वळवून आतली कड बघितल्याशिवाय कळत नाही.

स्पीडब्रेकर: नियमातला आणि गल्लीतला

“आपल्याकडे स्पीडब्रेकर आहेत म्हणून लोअर करता येत नाही,” हे वाक्य अर्धंच खरं आहे. कसं, ते बघा.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकात गोलाकार स्पीडब्रेकरचं माप दिलंय: उंची १० सेंमी, रुंदी ३.७ मीटर, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. ताशी २५ किमीने तो ओलांडता यावा हा हेतू. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.४५ मीटर. म्हणजे गाडी बरोबर मध्यावर असताना चारही चाकं स्पीडब्रेकरवरच असतात. चाकांच्या रेषेपेक्षा मधला भाग किती वर येतो ते काढलं तर उत्तर येतं जेमतेम साडेचार सेंमी. उंची १० सेंमी, पण गाडीच्या पोटाला टोचणारा भाग साडेचारच.

भारतातल्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी. ४० मिमी खाली घेतली तर १२३. चार माणसं बसून गाडी दबली तरी नऊ सेंमी उरतात. नियमातल्या स्पीडब्रेकरवरून लोअर केलेली गाडी भरलेली असतानाही, हळू नेली तर, न घासता जाईल!

आता आमच्या बोरिवलीच्या गल्लीत या. सोसायटीच्या गेटसमोर वॉचमन आणि मिस्त्री यांनी मिळून एका दुपारी उभारलेला सिमेंटचा उंचवटा, रुंदी हातभर, उंची चांगली चार बोटं. तो दोन्ही चाकांच्या मध्ये पूर्णच्या पूर्ण मावतो, त्यामुळे पोटाला सगळी उंची टोचते: दहा सेंमी म्हणजे दहा सेंमी. नऊ सेंमी उरलेल्या गाडीचं इथे काय होतं ते सांगायला नको. सायलेन्सरचा पाइप घासला तर नशीब, इंजिनचं चेंबर लागलं तर सगळं ऑइल रस्त्यावर. पिवळ्या-काळ्या रबरी पट्ट्यांच्या स्पीडब्रेकरचंही तेच. त्यातले दोन तुकडे उखडून नुसते बोल्ट उभे राहिले असतील तर टायरचंही काही खरं नाही.

म्हणजे अडचण स्पीडब्रेकर असण्यात नाही, तो मापात नसण्यात आहे. त्याचा त्रास लोअर केलेल्या गाडीइतकाच रिक्षातल्या पाठदुखीच्या आजीला आणि ॲम्ब्युलन्समधल्या पेशंटला होतो. लोअरवाल्यांनी आपल्या शौकासाठी का होईना, वॉर्ड ऑफिसकडे मापाच्या स्पीडब्रेकरसाठी पाठपुरावा केला तर मी त्यांच्या बाजूने सही करीन.

काँक्रिटीकरणाबद्दलही एक सांगतो. मुख्य रस्ता गुळगुळीत झाला, पण त्याची पातळी अनेक ठिकाणी चढली. शेजारची डांबरी गल्ली, सोसायटीचं गेट, मॅनहोलचं झाकण हे सगळं जुन्याच पातळीवर. त्यांना जोडणारा उतार घाईत केलेला. रोज सकाळी पुढचा बंपर घासण्याची जागा आता हायवेवर नसून गेटमध्ये आहे. पुनर्विकास झालेल्या घाटकोपर-मुलुंडच्या टॉवरांमध्ये पोडियम पार्किंगचे रॅम्पही आहेत. आठ फुटांना एक फूट चढणारा रॅम्प घेतला, तर तो संपून सपाट जमीन लागते त्या टोकावर स्विफ्टच्या पोटाखाली साडेसात सेंमी जागा लागते. एकटा असाल तर निघून जाल. घर भरून आलात तर जेमतेम निघाल.

उपनगरांना उंचीच्या फरकाचं काही नवल नाही म्हणा. अंधेरीत गोखले पूल नव्याने बांधला तेव्हा तो आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल यांच्या उंचीत माणूसभर फरक पडला, आणि २०२४ मध्ये जुना पूल जॅक लावून उचलावा लागला. जिथे पूल वर घ्यावे लागतात तिथे आपण गाड्या खाली घेतोय!

पावसाळ्याचं गणित वेगळं करायची गरज नाही. दरवर्षी पाणी भरलं की अंधेरी सबवे बंद होतो. तो उघडा असतानाही रस्त्यावर कडेला जे वीतभर पाणी असतं, त्यात चार सेंमीचा फरक म्हणजे पाणी दाराच्या चौकटीखाली राहणं आणि कार्पेटमध्ये शिरणं यातला फरक. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. तो माणसांसाठी आहे, आणि योग्यच आहे. तुमचं चेंबर त्यात बसत नाही.

जपानमधली स्विफ्ट खाली कशी चालते मग?

हा प्रश्न जाणकार मुलं नेहमी विचारतात, आणि प्रश्न चांगला आहे. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या टू-व्हील-ड्राइव्ह स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १२० मिमी आहे. मोजण्याच्या पद्धतीत थोडा फरक धरला तरी आपल्याकडे ४० मिमी लोअर केलेली स्विफ्ट उंचीने जवळपास जपानी स्विफ्टच झाली.

उंचीने. बाकी नाही. कंपनी उंची ठरवते तेव्हा त्याबरोबर स्प्रिंग, शॉकअप, बंप स्टॉप, अलाइनमेंट सगळं एकत्र जुळवते, मग ती गाडी तपासणी संस्थेकडून मंजूर होते. भारतात पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था. गॅरेजमध्ये बदलते ती फक्त एक गोष्ट, आणि बाकीच्या गोष्टी तिच्याशी जुळतात की नाही हे कोणी बघत नाही. दुसरं म्हणजे, जपानमध्ये खासगी गाड्यांनाही ठराविक वर्षांनी सक्तीची तपासणी असते आणि तिथे किमान ९ सेंमी ग्राउंड क्लिअरन्स लागतो. जर्मनीत गाडी लोअर करता येते, पण प्रमाणपत्र असलेले पार्ट्स लावून आणि तपासणी करून घेऊन. दोन्हीकडे शौकाला दार आहे, फक्त दारात माप घेऊन माणूस उभा आहे.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मूळ सस्पेन्शन बदलणं यात येतं असा अर्थ कोणी अधिकारी काढू शकतो. दुसरीकडे, तुमच्या आरसीवर इंजिनाची क्षमता, रंग, वजन, सीट असं सगळं असतं, गाडीची जमिनीपासूनची उंची नसते. त्यामुळे पोलिस कारवाई करतात ती जे दिसतं आणि ऐकू येतं त्यावर: काळ्या फिल्म, फाटक्या आवाजाचे सायलेन्सर, फॅन्सी नंबर. २०२५ मध्ये राज्यभर जुन्या गाड्यांना एचएसआरपी बसवण्याची मोहीम चालली, मुदतीवर मुदती वाढल्या. त्या रांगेत कितीतरी लोअर केलेल्या गाड्या उभ्या राहून नवी पाटी लावून गेल्या असतील. स्प्रिंग कापलीय का, हे विचारण्याचं कोणाला कारणच नव्हतं.

खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षांची. मध्ये पीयूसी होते, ती फक्त धुराची. म्हणजे पंधरा वर्षं त्या सस्पेन्शनकडे सरकारी नजर वळतच नाही. वळते ती अपघात झाल्यावर, विम्याच्या सर्व्हेअरची. न कळवलेला बदल सापडला की दावा अडू शकतो, आणि गाडी मूळची तशीच होती हे तेव्हा सिद्ध करता येत नाही.

मला विचाराल तर सरसकट बंदी आणि सरसकट डोळेझाक या दोन्हींपेक्षा जर्मन पद्धत बरी. चांगले, जुळवलेले पार्ट्स लावणारा आणि ग्राइंडरने स्प्रिंग उडवणारा या दोघांना आपला कायदा एकाच माळेत ओवतो. परिणामी पहिल्याला काही बक्षीस नाही आणि दुसऱ्याला काही भीती नाही.

नव्या गाड्यांमध्ये एक जादा भानगड

दहा वर्षांपूर्वी लोअरिंगचा परिणाम लोखंडापुरता होता. आता तो सॉफ्टवेअरपर्यंत जातो. २०२३ च्या होंडा सिटीसारख्या मधल्या किमतीच्या गाड्यांतही काचेमागे कॅमेरा आला: लेन ओळखणारा, पुढची गाडी बघून स्वतः ब्रेक लावणारा. तो कॅमेरा रस्त्याकडे किती अंशांत बघतोय यावर त्याचं अंतराचं गणित बेतलेलं असतं. गाडी खाली घेतली, विशेषतः पुढून जास्त आणि मागून कमी, की कोन बदलतो. पुन्हा कॅलिब्रेशन न करता फिरणं म्हणजे चष्म्याचा नंबर बदलून जुनाच चष्मा घालून फिरण्यासारखं.

कॅमेरा नसेल तर हेडलाइट आहेतच. बऱ्याच जणांना पुढून झुकलेली गाडी आवडते, म्हणून फक्त पुढची स्प्रिंग बदलतात. डिप्पर सहसा दर शंभर सेंमीला एक सेंमी खाली असा लावलेला असतो. दिवा ६५ सेंमीवर असेल तर प्रकाश ६५ मीटरपर्यंत पोहोचतो. पुढचा भाग ४० मिमी खाली गेला की तोच प्रकाश तेवीस-चोवीस मीटरवर जमिनीला टेकतो. ताशी ८० ने गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. म्हणजे अटल सेतूवर रात्री डिप्परवर तुम्हाला एका सेकंदापुढचंच दिसणार. हे अर्थात दिव्याच्या मागचा स्क्रू फिरवून दुरुस्त होतं, पण मुळात लक्षात यायला हवं.

मग करायचं काय

ज्यांना चालवायला छान गाडी हवी आहे, त्यांना मी उंचीला हात न लावता पैसे दुसरीकडे लावायला सांगतो. पन्नास-साठ हजार किमी झालेल्या मुंबईच्या गाडीचे लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि शॉकअप बहुतेक संपलेले असतात. ते बदलून, चांगले टायर टाकून, अलाइनमेंट करून आणि हवेचं प्रेशर महिन्यातून दोनदा बघून गाडीत जो फरक पडतो, तो सोळा किलोपेक्षा खूप जास्त जाणवतो. आधी हे करून महिनाभर चालवा. निम्म्या लोकांची लोअरिंगची इच्छा तिथेच शमते, असा माझा अनुभव आहे.

ज्यांना दिसण्यासाठीच करायचं आहे, त्यांनी ते तसं मान्य करावं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, लोक घराला झुंबरंही लावतात. फक्त ४० ऐवजी १५-२० मिमीवर थांबा. त्या उंचीला लोअर आर्म फार तिरका होत नाही आणि बंप स्टॉपपर्यंतची बरीच जागा शिल्लक राहते. स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांसाठी बनवलेले, एकाच सेटमधले घ्या. कापू नका. मूळ स्प्रिंग घरी माळ्यावर जपून ठेवा, गाडी विकताना आणि कोणी कागद मागितला तर उपयोगी पडतील. विमा कंपनीला लेखी कळवा. प्रीमियम वाढला तर वाढू द्या.

आणि काम झाल्यावर गॅरेजबाहेर फोटो काढायच्या आधी एक चाचणी घ्या. चार माणसं बसवा, डिकीत पाण्याचे दोन वीस लिटरचे जार ठेवा, आणि आपल्याच सोसायटीचं गेट, रॅम्प आणि गल्लीतला तो हातभर रुंदीचा उंचवटा पायी चालण्याच्या वेगाने पार करून बघा. कुठे घासलं तर स्प्रिंग बदलून घ्यायला गॅरेज अजून उघडं असेल.